खुणेवरचं पान

मी टेनिस बघते असं कळलं की आमच्याकडे लोक आधी हसतात, मग विचारतात, खेळत होत्या का मॅडम तुम्ही? मी नाही म्हणते. हे उत्तर इतक्या वेळा दिलंय की सांगताना आता जीभ अडखळतसुद्धा नाही.

वय सत्तेचाळीस, गुडघे कुरकुरतात, गडचिरोलीत एका दवाखान्याच्या लॅबमध्ये दिवसभर रक्ताच्या काचा बघते. अशा बाईला टेनिस कशाला पाहिजे, हे माझ्या नवऱ्याला लग्नाला तेवीस वर्षं झाली तरी कळलेलं नाही. तो शाळेत मास्तर आहे आणि क्रिकेटवाला आहे. घरी पाहुणे आले की सांगतो, मले एक सवत आहे, वर्षाचे अकरा महिने घरात राह्यते. पाहुणे हसतात. मी चहा टाकायला उठते.

अकरा महिने मात्र खरं आहे. हा खेळ संपतच नाही. जानेवारीत ऑस्ट्रेलिया, सकाळी डबे करता करता. इकडे शेताच्या बांध्यांमध्ये धानाच्या जागी लाखोळीचं पीक हिरवं झालेलं असतं आणि तिकडे पोरीबाळी उन्हाने भाजून निघतात. मग महिना-दोन महिने सिमेंटवरचे सामने, ते मी अर्धवट बघते. एप्रिल लागला, जंगलात मोहफुलं पडायला लागली की तिकडे युरोपात माती सुरू होते. तेंदूपत्ता तोडायला लोक निघतात तोवर रोम, आणि आमच्याकडे कूलरसुद्धा गरम हवा फेकायला लागला की पॅरिस. धानाच्या रोवणीच्या दिवसांत लंडनचं गवत, पोळ्याच्या आगेमागे न्यूयॉर्क, आणि धान कापणीला आलं की वर्षातले उरलेसुरले आठजण शेवटचं खेळतात. डिसेंबरात सगळे कुठल्या कुठल्या बेटांवर जाऊन समुद्रात पाय बुडवलेले फोटो टाकतात. मी ते बघते आणि जळते. खोटं कशाला बोलू?

एक सांगते, मला कोणी जिंकल्याचं फारसं सुख होत नाही. सामना संपल्यावर जाळीपाशी गळ्यात गळे घालतात, कानात काहीतरी गोड बोलतात, ते मला बघवत नाही. दोन तास एकमेकींच्या जिवावर उठल्या आणि आता मैत्रिणी. पुढे त्या माइकवर हरलेली म्हणते, ती आज माझ्यापेक्षा चांगली खेळली. अगं बाई, शेवटच्या गेममध्ये तुझा बॉल लाइनीवर पडला होता, ते बोल ना. पण ते कोणी बोलत नाही.

मी बघते ती फक्त लाइन. बॉल कुठे पडला, कोण काय म्हणालं. आता बहुतेक ठिकाणी लाइनीवरची माणसं काढून टाकली. मशीन बघते, मशीनच ओरडते. लोक हळहळले, खेळातली मजा गेली म्हणाले. मला उलट बरं वाटलं. मशीनला साहेब नसतो, मशीनला कोणाकडून कागदावर सही नको असते. पण पॅरिसला अजून माणसं आहेत. तिथे वाद झाला की पंच उंच खुर्चीवरून उतरतो, धावत मातीपर्यंत जातो, कमरेत वाकतो आणि बोटाने खूण दाखवतो. सगळं स्टेडियम गप्प. त्या एका बोटासाठी मी वर्षभर थांबते. आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत माझे बाबा बसलेले असतात.

बाबांचं वय आता अठ्ठ्याहत्तर. आई गेल्यापासून आमच्याकडेच राहतात. आम्हा दोघांत बोलणं कमीच. औषध घेतलं का, घेतलं. जेवता का, थांब थोडं. टेनिस लागलं की मात्र ते खुर्ची ओढून पुढे येतात आणि पंच खुर्चीतून उतरायच्या आतच सांगतात, लागला. किंवा, नाई लागला. त्यांचं चुकलेलं मी कधी पाहिलं नाही. बॉल मातीवर घसरतो, खुणेला बारीक शेपूट असते, शेपटीचं टोक लाइनीला शिवलं की बॉल आत. डोळ्यांत मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला माणूस हजारो मैलांवरची शेपूट टीव्हीवर ओळखतो.

म्हणूनच मी त्यांना दरवर्षी, पॅरिसच्या त्या पंधरा दिवसांत एकदा तरी विचारते: बाबा, माझा बॉल आत होता की बाहेर? ते म्हणतात, पाहू दे मॅच. बस. तेहेतीस वर्षं झाली, माझं आयुष्यात दुसरं काही मागणं नाही त्यांच्याकडे. एकदा आत म्हणा, एवढंच हवं होतं.

आता मुळापासून सांगते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही राहायचो. गावाचं नाव घेत नाही, तिथे अजून ओळखीची माणसं आहेत. बाबा एका खात्याच्या नर्सरीत रोजंदारीवर होते. सागाची रोपं, मातीच्या पिशव्या, पाणी. नर्सरीच्या मागे साहेब लोकांचा क्लब होता. क्लब म्हणजे एक खोली, एक कॅरम आणि टेनिसचं एक कोर्ट. त्या कोर्टाची निगा बाबांच्या गळ्यात आली कारण वारुळाची माती कुठे मिळते ते त्यांना ठाऊक होतं.

खाली मुरूम, वर वारुळाची माती. जंगलातून ती खोदून आणायची, चाळायची, पसरायची, पाणी मारून दगडी रूळ फिरवायचा. मग आई आणि मोहल्ल्यातल्या दोघी बाया ते सगळं कोर्ट शेणाने सारवायच्या, उकिडव्या बसून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. घर सारवायचं राहून जायचं, कोर्ट कधी राहिलं नाही. टीव्हीवर पॅरिसची लाल माती दिसली की कॉमेंट्रीवाले अगदी विरघळतात. मला तिच्यात शेणाचा वास येतो आणि आईची कंबर दिसते.

सारवलेल्या जमिनीवर बॉल पडला की फिकट खूण उमटायची. साहेब लोक खुणेवरून भांडायचे. आधी एक वयस्कर साहेब होते, त्यांनी बाबांना बोलावून पुस्तकातला नियम वाचून दाखवला होता, की वाद असलेली खूण ज्याने पुसली त्याचा पॉइंट गेला. बाबा चौथी शिकलेले, पण तो नियम त्यांनी असा काही मनावर घेतला की विचारू नका. त्यावर त्यांनी स्वतःची एक पद्धत बसवली. कोर्टाला लागूनच पळसाची झाडं होती. बाबा सदऱ्याच्या खिशात दोन-तीन पानं ठेवायचे. वाद झाला की खुणेवर पान, पानावर खडा. मग दोघेही साहेब यायचे, पान उचलायचे, बघायचे, ठरवायचे, आणि त्यानंतरच बाबा झाडू मारायचे. पान असेस्तोवर तिथे कोणी पाय ठेवायचा नाही, कितीही मोठा साहेब असला तरी. मोठमोठे अधिकारी त्या पानाला वळसा घालून जायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बाबांचा इतका अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही.

नवे साहेब आले तेव्हा मी तेरा वर्षांची. त्यांना माझ्याच वयाची मुलगी होती. तिला खेळायला कोणी नव्हतं आणि मी बॉल उचलायला रोजचीच, तेव्हा एका दुपारी तिने मला तिची जुनी रॅकेट दिली. तारा तुटलेल्या होत्या, बाबांनी मासे धरायच्या नायलॉनच्या दोरीने विणून दिल्या. मुलगी चांगली होती हो, हीच तर पंचाईत. तिच्या बाटलीतलं पाणी ती मला द्यायची आणि मग तीच बाटली तोंडाला लावायची. आमच्या मोहल्ल्याच्या पोरीसोबत असं करणारी ती त्या गावातली पहिली असेल. एका वर्षात मी तिला हरवायला लागले. तिने तिच्या वडिलांना कौतुकाने सांगितलं, आणि त्यांनी हसून माझ्या डोक्यावर टपली मारली.

दिवाळीनंतर शाळांच्या स्पर्धा सुरू झाल्या तेव्हा कळलं की जिल्ह्यात टेनिस खेळणाऱ्या आमच्या वयाच्या मुली दोनच, ती आणि मी. जी जिंकेल ती नागपूरला विभागाच्या निवडीला जाणार. सामना आमच्याच कोर्टावर ठरला. आईने मोहल्ल्यातल्या शिंप्याकडून पांढरा झगा शिवून आणला. नागपूर मी तोपर्यंत पाहिलंही नव्हतं. रात्रंदिवस एकच, नागपूर, नागपूर. पिशवीत टॉवेल, साबण, दोन चड्ड्या, सगळं आठवडाभर आधीच भरून ठेवलं होतं. मला वाटायचं, एकदा गाडीत बसले की परत नर्सरीत यायचं नाही.

बाहेरगावचे एक पीटीचे मास्तर पंच म्हणून आले. स्टुलावर बसले आणि बाबांना म्हणाले, लाइनी तुम्हीच पाहा, तुमाले समजते. एका खेळाडूचा बाप आणि दुसरीच्या बापाच्या हाताखालचा मजूर. असा दोन्ही बाजूंनी बांधलेला माणूस लाइनीवर उभा केला आणि कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. साहेब झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. खात्यातल्या रोजंदारीवाल्यांना कायम करायची यादी तेव्हा त्यांच्याच टेबलावर होती, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

सहा गेमचा एकच सेट. आम्ही दोघी बरोबरीने चाललो होतो, मग ती पाच-चार अशी पुढे गेली. दहावा गेम. तो पॉइंट गेला तर सामना गेला. मी बॉल असा मारला की ती धावलीच नाही. तो तिच्या उजव्या हाताच्या लाइनीवर पडला. लाइनीची फक्की उडालेली मी पाहिली. पांढरी धूळ. मी मूठ वळलीसुद्धा.

बाबा म्हणाले, "बाहेर."

मी जाळीपर्यंत धावले आणि ओरडले, पान ठेवा, बाबा, पान ठेवा. त्यांचा हात खिशाकडे गेला नाही. हातात झाडू होता, तो त्यांनी खुणेवरून फिरवला. एकदा, आणि परत एकदा. त्या मुलीने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मान खाली घातली. मास्तर स्टुलावरून उतरले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, दोघींसाठी वाजवल्या असं नंतर सगळे म्हणत होते.

आठ दिवसांनी बाबांची कायम झाल्याची ऑर्डर आली. आईने शिरा केला. मी खाल्ला नाही. रॅकेट परत हातात धरली नाही. आई त्या रॅकेटने पुढे कित्येक वर्षं गादी झटकायची, तेवढंच तिचं सोनं झालं.

त्या ऑर्डरवर मी शिकले. लॅबचा कोर्स केला, नोकरीला लागले, हे मला कळत नाही असं नाही. उलट तेच जास्त जाचतं. बाबांनी माझा एक बॉल विकला आणि त्यात मला वाढवलं. बापाचं नाव निघालं की मी हेच सांगत आले. नवऱ्याला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगितलं. सासूला सांगितलं. लॅबमध्ये चहा पिताना मैत्रिणींना सांगितलं, आणि ऐकणाऱ्यांनी दरवेळी चुकचुक केली. बाबांच्या समोरही सांगितलं आहे, पाहुणे बसलेले असताना. ते सुपारी कातरत बसायचे.

आणि त्या दिवसापासून मी एक ठरवलं होतं, की मी खूण पुसणार नाही. काचेवर जे दिसलं ते कागदावर. आमच्या भागात सिकलसेलचा आजार फार. लग्न जुळवताना मुलाकडचे रिपोर्ट मागतात. नवऱ्याच्या चुलत बहिणीची मुलगी, तिच्या रक्तात तो दोष निघाला. मुलाच्याही रक्तात होता. तिचे वडील माझ्या घरी आले, माझ्यापेक्षा वयाने मोठा माणूस, माझ्या पायाशी वाकले की बाई, फक्त एक शब्द बदल. मी म्हटलं, भाऊ, उठा, मी असल्या कामाची नाही. लग्न मोडलं. त्या घराने आमच्याशी बोलणं टाकलं, नवरा सहा महिने धुमसत होता. मी बरोबरच केलं, आजही तेच करीन. पण त्या वेळी मी त्यांना जे ऐकवलं ते ऐकवायची काही गरज नव्हती. मी म्हटलं होतं, मी माझ्या बापासारखी नाही. बाबा आतल्या खोलीत होते.

या वर्षीची गोष्ट. मे संपत आलेला, रविवारची दुपार, दारं-खिडक्यांना ओल्या चादरी, कूलर घरघरतोय. नवरा बाजाराच्या बाजूला गेला होता. पॅरिस सुरू होतं. माझी एक आवडती आहे, चौतिशीतली, जी दरवर्षी पहिल्या-दुसऱ्या फेरीतच हरून घरी जाते. मला अशाच आवडतात. समोर एक उंच धिप्पाड पोरगी, विशीतली, तोफेसारखी सर्व्हिस.

पहिल्या सेटचा शेवट. माझ्या बाईने मारलेला बॉल त्या पोरीच्या मागच्या लाइनीपाशी पडला. लाइनीवरचा माणूस बाहेर म्हणाला. माझ्या बाईने हात वर केला, खूण बघा म्हणून. पंच खुर्चीतून उतरायला लागला. आणि त्या पोरीने, सवयीने असो की मुद्दाम, बुटाने ती खूण पुसून टाकली. पंच पोचला तर खाली काहीच नाही. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि पॉइंट माझ्या बाईला दिला. पोरगी हात पसरून भांडत राहिली. नियम म्हणजे नियम.

मला तर आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. तेहेतीस वर्षांत असं हातात आयतं कधी आलं नव्हतं. मी बाबांकडे वळले आणि म्हटलं, "पाह्यलं का, बाबा? जो पुसते तो हारते. तुमचाच नियम."

ते टीव्हीकडेच बघत होते. शेजारी ठेवलेला पाण्याचा गडवा उचलला, दोन घोट घेतले, खाली ठेवला.

"आत होता तुहा बॉल," ते म्हणाले. "फक्की उडाली होती. मले दिसली."

मला वाटलं होतं हे ऐकलं की मी रडेन. रडू आलं नाही. छातीत कुठेतरी एकदम मोकळं झालं, एवढं आठवतं. आणि लगेच राग उसळला, की मग इतकी वर्षं का छळलं? मी म्हटलं, मग काऊन पुसला? ऑर्डरसाठी पुसला ना? सांगून टाका आता एकदाचं.

"चौथ्या गेममधी," बाबा म्हणाले, "त्या पोरीचा बॉल तुह्या मागच्या लाइनीवर पडला होता. मी त्या टोकाले होतो, तू बाहेर म्हनलं. मी पान काढून येऊनच राह्यलो होतो. मी पोचाच्या आधी तू पाय फिरवला."

कूलरचा आवाज मला एकदम फार मोठा वाटायला लागला.

ते थांबून थांबून बोलले. एवढं बोलणं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. म्हणाले, मी तिथीच बोललो असतो तर मास्तर, साहेब, सगळे म्हणाले असते की त्या मोहल्ल्याची पोरगी चोर आहे. ते जन्मभर तुझ्या मागे लागलं असतं. आणि नाही बोललो तर तू चोरीच्या गेमवर नागपूरला गेली असतीस, खेळाच्या नावाखाली. म्हणून एक बॉल तू पुसला, एक मी पुसला. माझ्या लेखी हिशेब तिथेच मिटला.

मी विचारलं, आणि ऑर्डर?

"कागद साहेबाकडे दिवाळीच्या आधीच गेले होते. सही त्याच्यापायी झाली का कशापायी, मले काय माहीत? तू म्हने त्याच्यापायी झाली. मी म्हनू देल्लं."

"तेहेतीस वर्षं काऊन नाही सांगितलं?"

ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर राग नव्हता, हेच मला सहन होईना.

"तू विचारलं कुठी? तू त दरसाल तुह्याच बॉलचं विचारत जाय."

मला काही आठवत नाही असं इथे लिहायची फार इच्छा होती. चौदा वर्षांची पोर, तेहेतीस वर्षं लोटलेली, कोणीही मानलं असतं. पण मला आठवलं. कधी विसरलेच नव्हते की काय, देव जाणे. पायात कॅनव्हासचे बूट होते, डाव्या बुटाचा तळ पुढून फाटलेला. त्या भोकातून गरम मातीचा खरखरीत स्पर्श अंगठ्याला झाला होता. खूण गोल होती, शेपटीचं टोक फक्कीला शिवलेलं. मी पाहिली, तोंडाने बाहेर म्हटलं, आणि पाय डावीकडून उजवीकडे फिरवला. मग मान वर केली तेव्हा बाबा कोर्टाच्या कडेने येताना दिसले होते, हातात पान. ते जागच्या जागी थांबले. पान त्यांनी परत खिशात ठेवलं. मी बॉल उचलला आणि सर्व्हिस करायला गेले. हे सगळं मला जसंच्या तसं ठाऊक होतं, आणि तरी ही गोष्ट सांगताना मी नेहमी दहाव्या गेमपासून सुरुवात करायचे.

पायाशी वाकलेला तो माणूस आठवला. मी माझ्या बापासारखी नाही, असं मी त्याला म्हटलं होतं. किती वेळा आणि कोणाकोणाला म्हटलं असेल. आणि बाबा दरवेळी आतल्या खोलीतून ऐकत असणार.

टीव्हीवर दुसरा सेट सुरू झाला होता. माझी हरायला लागली होती, नेहमीप्रमाणे. आम्ही दोघेही बघत राहिलो. मला काहीतरी बोलायला हवं होतं, चुकलं बाबा, एवढे दोन शब्द तरी. ओठांपर्यंत आलेसुद्धा. मी ते गिळले, आणि त्यांनी वाट बघितल्यासारखं दाखवलंही नाही.

तेवढ्यात नवरा आला. हातात कैऱ्यांची पिशवी, मानेवर ओला दुपट्टा. त्याने टीव्हीकडे बघितलं, आम्हा दोघांना असं शेजारी बसलेलं बघितलं आणि त्याची दरवर्षीची थट्टा केली.

"काय मंग, यंदा तरी बॉल आत गेला का?"

बाबा टीव्हीकडे बघत होते. सांगायचं की नाही ते माझ्यावर होतं. फार नाही, चार वाक्यांचं काम होतं. नवरा काही मला घराबाहेर काढणार नव्हता. हसला असता, दोन दिवस चिडवलं असतं, विसरला असता.

मी म्हटलं, "कुठला जातो? बाबा अजून बाहेरच म्हणतात."

नवरा हसला. म्हणाला, तुमीबी पक्के आहात बाबा, आता तरी द्या तिला एक पॉइंट.

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"बाहेरच होता," ते म्हणाले, आणि मला म्हणाले, चहा मांड, बाई.